हरोलीकर डॉक्टरांची चिठ्ठी

हरोलीकर डॉक्टर म्हटलं की त्यांचा चेहरा मला नंतर आठवतो, आधी उजव्या हाताचा अंगठा. रुंद, बोथट, आयोडिनने कायमचा पिवळट झालेला. समोर कुणीही येऊन बसलं की तो अंगठा त्याच्या डोळ्याखालची पापणी खाली ओढायचा. डॉक्टर वाकून आत बघायचे आणि हळहळायचे, "रक्त कुठं हाय रं यात?"

काय होतंय हा प्रश्न त्यानंतर. गुडघा दुखत असो, पोट बिघडलेलं असो, बोट यंत्रात चेपलेलं असो, पापणी आधी. एकदा गिरणीतला एक जॉबर, म्हणजे खात्यातल्या माणसांवर देखरेख करणारा, गाल धरून आला आणि म्हणाला, "डाक्टर, दाढ ठणकतीया."

"दाढ कुठं पळून जात न्हाई. डोळा दाव."

मी तेव्हा सांगलीजवळच्या एका कापडगिरणीच्या पाळणाघरावर होते. बायका खात्यात कामाला गेल्या की त्यांची तान्ही पोरं माझ्या ताब्यात. दुपटी, झबली, वाट्या-चमचे, कुणाला काय पचतं आणि कुणाची आई किती वाजता पाजायला येते, याच्या याद्या करणं हे माझं काम, आणि याद्या करायची खोड मला आधीपासूनच. डॉक्टरांबद्दल सगळं सांगत बसले तर पसारा होईल. म्हणून क्रमाने सांगते. आधी माणूस, मग दुधाचे डबे, मग सातारा.

माणूस कवठे महांकाळकडचा. तिकडच्या एका दुष्काळात लहानपणी त्यांनी माणसं मरताना बघितली होती. "साथ आली म्हणून लिवलं सरकारनं," ते म्हणायचे. "साथ कसली? पोटात काय नव्हतं. माझी धाकटी भन गेली, तिला कसला रोग होता? भुकंचा." पुढे शिकून डॉक्टर झाले, चांगलं शुद्ध बोलायला आणि इंग्रजी लिहायला शिकले, पण कामगारांशी बोलताना बोली सोडली नाही. टेबलाच्या खणात भाजलेल्या शेंगा आणि गुळाचा खडा असायचा. आलेल्या प्रत्येक पोराच्या मुठीत शेंगा. मोठ्या माणसालाही, तो लाजला नाही तर.

खुर्चीमागे भिंतीला एक खिळा होता आणि त्याला स्टेथोस्कोप टांगलेला. डॉक्टर तो क्वचितच काढत. "नळीला बोलवायची येळ आणू नका गड्यांनो," असं हसत हसत म्हणायचे. ही त्यांची थट्टा. पण गिरणीत तिचा समज होऊन बसला. डॉक्टरांनी खिळ्यावरची नळी काढली म्हणजे दुखणं वाईट. मागावर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या साचेवाल्याला त्यांनी नळी लावली आणि तो पुढे खरंच गेला. मग तर काय, नळीकडे हात गेला की लोक उठून उभेच राहायचे. "आवं नको डाक्टर, तसलं काय न्हाई मला!"

डॉक्टरांना हे आवडायचं. आपला अंगठा पुरे, असं त्यांना वाटत असावं.

आता दुधाचे डबे.

सरकारची कामगार विमा योजना आमच्याकडे नवीनच सुरू झाली होती. दर महिन्याला कामगाराच्या पगारातून विम्याचा पैसा कापला जायचा. त्याच्या बदल्यात कार्ड. गावातल्या ठरलेल्या डॉक्टरांपैकी एक निवडायचा आणि त्याच्याकडे कार्ड लावायचं. डॉक्टरला तपासणीचे पैसे नव्हते, कार्डाचे होते. ज्याच्याकडे जेवढी कार्डं, तेवढी सरकारकडून वर्षाची रक्कम, मग ती माणसं वर्षभरात आजारी पडोत न पडोत. साधं औषध डॉक्टरनेच द्यायचं. भारी औषध असेल तर चिठ्ठी लिहायची, ती नेमून दिलेल्या दुकानात दाखवायची, आणि दुकानदाराने बिल सरकारला लावायचं. व्यवस्था वाईट नव्हती. कागदावर तर फारच चांगली होती.

हरोलीकरांनी पापण्या ओढून बघितल्या आणि त्यांना सगळीकडे दुष्काळच दिसला. मग ते टॉनिक लिहायला लागले. नाक्यावरच्या दुकानाचे मालक रामभाऊ. त्यांच्याकडे लाल रंगाच्या टॉनिकच्या बाटल्यांची रांग होती. पहिली काही माणसं त्या बाटल्या घेऊन गेली आणि चार दिवसांत परत आली. कडू लागतं, पोरं पीत नाहीत. तेव्हा डॉक्टर स्वतः दुकानात गेले. तिथे काय बोलणं झालं ते पुढे रामभाऊच सगळ्यांना सांगायचे.

"रामभाऊ, बाटली कपाटात राहू द्या. तेवढ्या किमतीचा दुधाच्या भुकटीचा डबा द्या तिला."

"आणि बिल?"

"बिल टॉनिकचं. सरकारला रक्त वाढल्याशी कारण. दुधानं वाढत न्हाई व्हय?"

मला हे कळलं ते पाळणाघरात डबे यायला लागले तेव्हा. चीनच्या लढाईनंतरचे दिवस, भुकटी बाजारात दिसायची नाही. आणि आमच्या बायका पदराखालून डबे काढून माझ्यासमोर ठेवत होत्या. "बाई, माझ्या डब्यावर खूण करा. दुसरीच्या पोरीला पाजाल." मी डब्यांना खुणा केल्या. खोटं कशाला बोलू, पोरांनी बाळसं धरलं. ज्यांच्या मांड्यांना सुरकुत्या होत्या त्यांना वळ्या आल्या. दर गुरुवारी डॉक्टर आपणहून पाळणाघरात यायचे, झोळ्यांमधून फिरायचे, पोरांचे गाल ओढायचे आणि मला म्हणायचे, "बाई, हे बघा औषध. पुस्तकात हाय का कुठं?"

सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली सुंदरा कांबळे ही त्या बायकांपैकी एक. तिचा नवरा कोयनेच्या धरणावर कामाला गेला तो तिकडेच राहिला. आई कवठे महांकाळच्या बाजूला खेड्यात. इथे ती आणि तिची तान्ही मुलगी, रमा. रमा माझ्याकडे आली तेव्हा मांजराच्या पिल्लाएवढी होती, आणि आवाजही तेवढाच. हरोलीकरांच्या डब्यांवर ती पोरगी जगली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण डबे दुधाचेच राहिले नाहीत. टॉनिकच्या किमतीत आणि डब्याच्या किमतीत जो फरक पडायचा तो रामभाऊंचा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं असणार. मग ज्यांच्या घरी तान्हं मूल नव्हतं ते म्हणाले, आम्ही काय पाप केलं? त्यांना चहाची पुडी मिळाली. मग अंगाचा साबण. मग वासाचं तेल, पावडर, आणि शेवटी शेवटी दुकानाचा वाटा कापून रोख पैसे. लाल बाटल्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. पुढची बाटली उन्हाच्या तिरपेला होती, तिचं लेबल उडून पांढरं पडलं. ती बाटली किती वेळा विकली गेली ते रामभाऊंनाही सांगता आलं नसतं.

गिरणीत शब्दच पडला, "डोळा दावून येतो." म्हणजे साबण संपला.

"आरं लाज वाटू दे," असं एखादा म्हातारा म्हणायचाच. त्यावर उत्तर तयार असायचं. "पगारातनं कापून घेत्यात तवा सरकारला वाटती का लाज? आपलंच हाय, वसूल कराया नको?"

दुसऱ्या डॉक्टरांकडची कार्डं हरोलीकरांकडे यायला लागली. त्या बिचाऱ्यांनी काय करावं? त्यातला एक तरुण डॉक्टर छाती, पोट, जीभ सगळं नीट तपासायचा आणि गरज नसेल तर काही लिहायचा नाही. त्याच्या ओट्यावर कुत्रं बसायला लागलं. मग तोही लिहायला लागला. सगळेच लिहायला लागले. बरा डॉक्टर कोण, तर जो लिहितो तो.

हरोलीकरांच्या दारात मात्र पहाटेपासून रांग. स्कूटर आली, दवाखान्याला पुढे पत्र्याची शेड आली. त्यांनी रामभाऊंकडून एक पैसाही घेतला नाही, हे मी खात्रीने सांगते. त्यांची भूक वेगळी होती. रांग बघून ते खुलायचे. नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही, आणि नाही म्हणायला वेळही नव्हता. एवढी कार्डं घेतल्यावर माणशी वाट्याला येणार काय? पापणी, हळहळ, चिठ्ठी, शेंगा. पुढचा.

रजेचंही तसंच. गावची जत्रा आली, बहिणीचं बाळंतपण आलं की लोक अशक्तपणाचा दाखला मागायचे आणि ते द्यायचे. सुंदराने आईच्या आजारपणात असाच एक मोठा दाखला घेतला होता. त्यात तिची विम्याची वर्षाची रजा संपली.

ती खोकायला कधी लागली ते मला नक्की सांगता येणार नाही. वाइंडिंगमधल्या बायका सगळ्याच खोकतात, कापूस जातो छातीत. पण पाजायला आली की ती झोळीच्या दोरीला धरून थोडा वेळ नुसती उभी राहायची. मी म्हटलं, "सुंदरा, डॉक्टरांना दाखव."

"परवाच गेलते की. डबा आणला न्हवं का?"

"डब्याचं नाही म्हणत मी. खोकला दाखव."

"दावला बाई. डाक्टर नळीकडं हात घालाय लागलं, मीच म्हनलं, नळी नको, पोरीला दूध तेवढं लिवा." आणि ती हसली. "हसलं डाक्टर बी."

हे मी डॉक्टरांना पुढच्या गुरुवारी बोलले. त्यांचा हात रमाच्या गालावर होता. तो तिथेच राहिला. मग म्हणाले, "द्या पाठवून तिला. आत्ता."

त्या दिवशी त्यांनी रांग बाजूला ठेवून नळी काढली. मी सुंदराच्या सोबतीला होते म्हणून बघितलं. पुढून ऐकलं, पाठीवर ऐकलं, परत पुढून ऐकलं. रांगेतलं बोलणं बंद पडलं होतं. सुंदरा माझ्याकडे बघत होती आणि मी नळीवरच्या धुळीकडे. तिला बाहेर बसवून त्यांनी मला विचारलं, "किती दिवस खोकतीय ही?" मी सांगितलं. त्यांनी खण उघडला, शेंगा चाचपल्या आणि तसाच बंद केला. "दर पंधरा दिसाला माझ्यापुढं येत होती, बाई. दर पंधरा दिसाला."

मिरजेला स्वतःच्या पैशांनी त्यांनी तिच्या छातीचा फोटो काढवला. क्षय. उजवी बाजू बरीच गेलेली. क्षयाला योजनेत सगळी सोय होती. लांब पगारी रजा, इंजेक्शनं, दवाखान्यात खाट. पण त्याच सुमाराला वरून हुकूम आला होता. सांगलीकडची बिलं कुणाच्या तरी नजरेत भरली होती. आता भारी औषध आणि लांब रजा तपासणी डॉक्टरच्या मंजुरीशिवाय मिळणार नव्हती, आणि आमच्या भागाचे तपासणी डॉक्टर बसायचे साताऱ्याला.

रामभाऊंकडे डॉक्टर चिठ्ठी घेऊन गेले तर ते हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, राग मानू नका. तुमच्या सहीची बिलं अडकलीत. साबण न्या, उधारीवर देतो. इंजेक्शनं नाही जमायची." डॉक्टरांनी पाकीट काढलं आणि इंजेक्शनं रोखीने घेतली.

मग सातारा. आम्ही एसटीने गेलो. डॉक्टर, सुंदरा आणि मी. रमा शेजारणीकडे. डॉक्टरांनी मांडीवर तो फोटोचा मोठा खाकी लखोटा आरशासारखा जपून धरला होता. कराडला गर्दी चढली. सुंदरा पदराच्या बोळ्यात खोकायला लागली तशी शेजारची बाई उठून मागे गेली. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा डॉक्टरांनी खिडकीतून तिला चहा आणून दिला.

"डाक्टर, येवढं कशाला करताय वो? तुमच्या चिठ्ठीवर माझी पोर वाचली. तेवढं लय झालं."

डॉक्टर म्हणाले, "पी आधी."

तपासणी डॉक्टर तरुण होते, थकलेले होते आणि सभ्य होते. पुढे लोकांनी त्यांना फार शिव्या दिल्या. मी तिथे होते, मला देता येत नाहीत.

"हरोलीकर तुम्हीच का?" ते म्हणाले. "तुमची सही मला पाठ आहे. सगळ्यात जास्त टॉनिक तुमच्या सहीचं येतं."

"ते बरोबर आहे. पण ही बाई खरी आजारी आहे."

"म्हणजे बाकीचे नव्हते?"

लखोट्यातून फोटो काढून हरोलीकरांनी खिडकीच्या उजेडात धरला. तपासणी डॉक्टरांनी बघितला.

"हा क्षयच आहे. पण कुणाचा?"

"हिचा."

"मागच्या महिन्यात असाच एक फोटो तीन वेगवेगळ्या माणसांनी मला आणून दाखवला. भाड्याने मिळतो म्हणे तुमच्या गावात. तिघांची कार्डं तुमच्याच दवाखान्याची होती. माहीत आहे तुम्हाला?"

माहीत नव्हतं. ते हरोलीकरांच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसलं.

"नळी लावून बघा," हरोलीकर म्हणाले. आवाज भीक मागितल्यासारखा होता. "हात जोडतो. लावून बघा."

तपासणी डॉक्टरांनी लावली. "आवाज आहेत. पण कापसात काम करणाऱ्या छातीत आवाज असतातच. मी नाही म्हणत नाही, डॉक्टर. आमच्या यंत्रावर फोटो काढू, मग मंजुरी. तारीख कळवतो. तोवर रजा द्यायला तिच्या नावावर काही शिल्लक नाही. दाखला तुमचाच आहे, अशक्तपणाचा."

परतीच्या गाडीत सुंदराने मला विचारलं, "नापास झाले व्हय मी?"

तारखेची वाट बघण्यात दिवस गेले. बिनपगारी घरी बसून ती खाणार काय? डॉक्टर म्हणाले, मी देतो. तिने घेतले नाहीत. दूध सरकारचं होतं, ते घेतलं होतं. डॉक्टरांच्या खिशातला पैसा ही भीक होती. तिचा हिशेब तिच्यापुरता सरळ होता. ती खात्यात जात राहिली. सुटी झाली की दवाखान्यात जाऊन इंजेक्शन टोचून घ्यायची. लागण होईल म्हणून रमा रात्री शेजारणीकडे असायची आणि दिवसा मी तिला आईजवळ देईना, तर सुंदरा दाराच्या जाळीबाहेर उभी राहून तिला हाका मारायची. एक दिवस खात्यातच तिच्या तोंडातून रक्त आलं. पांढऱ्या सुतावर पडलं. मुकादमाने यंत्र बंद केलं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या आईने गावाकडून माणसं आणली, खोलीत बुद्धवंदना झाली, आणि आई रमाला उचलून घेऊन गेली. डब्यात थोडी भुकटी उरली होती, ती मी बरोबर बांधून दिली.

यानंतर तारीख आली.

त्या दिवशी डॉक्टर एकटेच साताऱ्याला गेले. आमच्या गिरणीतला एक फिटर तिथे रांगेत होता, त्याने मला सांगितलं. डॉक्टर बाकावर बसून राहिले. चपराशाने नाव पुकारलं, "सुंदरा कांबळे, सांगली." डॉक्टर उठून उभे राहिले. चपराशी म्हणाला, "आवं, बाईला बोलवा." तरी ते उभेच. आतून तपासणी डॉक्टर बाहेर आले, त्यांनी हरोलीकरांकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. मग चपराशाने पुढचं नाव घेतलं.

परत आल्यावर डॉक्टरांनी कार्डं सोडली. रांगेपुढे उभं राहून सांगितलं, दुसऱ्यांकडे लावा. लोकांना पटेना. "आमचं काय चुकलं डाक्टर?" एकाने विचारलं. "तुमचं न्हाई," ते म्हणाले, "चला, हला आता." महिन्याभरात तीच रांग चार घरं पलीकडे दुसऱ्या दारात लागली. डबे येत राहिले, थोडे कमी, थोडे लपून. ती उडालेल्या लेबलाची बाटली मी पुढेही बरेच दिवस कपाटात बघितली.

डॉक्टर गावाकडे निघून गेले. त्यांना मी परत बघितलं ते कोयनेच्या भूकंपाच्या पुढच्या वर्षी. रमासाठी पाळणाघरातल्या बायकांनी कपडे शिवले होते, ते द्यायला तिच्या आजीच्या गावी गेले. पोरगी चांगली उंच झाली होती, पण खोकत होती. आजी म्हणाली, रोज खोकती. मी दोघींना उचलून कवठे महांकाळच्या बाजारात आणलं. तिथे बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर बसतो म्हणून ऐकलं होतं.

तेच होते. मिरचीच्या पोत्यांपलीकडे एका खोलीत, टेबल आणि बाक. रांग नव्हती. केस पांढरे झालेले. मागच्या भिंतीला खिळा नव्हता. नळी गळ्यात होती. मला त्यांनी ओळखलं नाही, किंवा ओळखल्याचं दाखवलं नाही.

रमा समोर बसली. तो पिवळा अंगठा सवयीने तिच्या डोळ्याकडे गेला आणि वाटेतच थांबला. हात मागे घेऊन त्यांनी नळी कानाला लावली. पुढून ऐकलं, पाठीवर ऐकलं, काखेत ऐकलं. बाहेर कोंबड्यांचा सौदा चालला होता. उठून दार लोटलं आणि पुन्हा ऐकलं.

"छाती साफ हाय," ते म्हणाले. "घशाचा खोकला. मीठ-पाण्याच्या गुळण्या करा."

आजी हिरमुसली. "येवढंच? रगात वाढायचं टानिक तरी लिवून द्या की."

"शेंगा घाला खायाला," त्यांनी खणातून मूठभर काढून रमाच्या ओंजळीत घातल्या. "नाव काय गं तुझं?"

"रमा सुंदरा कांबळे," ती म्हणाली. आजीने तिला असंच सांगायला शिकवलं होतं.

डॉक्टरांनी आता माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान डोलावली. मग ते रमाला म्हणाले, "शेंगा खाली ठेव जरा. मोठा श्वास घे." आणि नळी परत कानाला लावली.

आम्हाला शेवटची गाडी गाठायची होती. मी दोनदा घड्याळ बघितलं. ते ऐकतच होते.